डेटाबेस ॲक्सेस लेयर जनरेट करायचा आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेटाबेस ॲक्सेस लेयर म्हणजे प्रोग्रॅममधला डेटाबेसशी बोलणारा कोड; तो हाताने न लिहिता टूलकडून लिहून घेण्याबद्दलचे हे प्रश्न आहेत. हे पान मुख्यतः गो ही भाषा आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी आहे आणि टूल म्हणून एसक्यूएलसी (एसक्यूएल क्वेरींवरून गो कोड काढणारं) धरलं आहे. जावातला जूक आणि डॉटनेटमधलं एंटिटी फ्रेमवर्क कोअर या दुसऱ्या टूलांचा उल्लेख जिथे फरक पडतो तिथे येईल. उदाहरण सगळीकडे एकच ठेवलं आहे: गृहनिर्माण सोसायटीच्या मेंटेनन्स बिलांचं सॉफ्टवेअर. सदनिका, सभासद, बिलं आणि पावत्या ही त्यातली चार मुख्य टेबलं.

जनरेटर नेमकं काय लिहून देतो?

कंटाळवाणा भाग. एखादी क्वेरी चालवायची म्हटली की पॅरामीटर बांधा, रो वाचा, प्रत्येक कॉलम स्ट्रक्टच्या योग्य फील्डमध्ये टाका, एरर तपासा, वाचून झालेला निकाल बंद करा, हे ठरलेलं असतं. हाताने लिहिताना चुका इथेच होतात. सिलेक्टमध्ये कॉलमचा क्रम बदलला आणि स्कॅनमध्ये (रो वाचणाऱ्या ओळीत) बदलायचा राहिला, तर मोबाइल नंबर सदनिका क्रमांकाच्या जागी जाऊन बसतो. दोन्ही टेक्स्ट असल्यामुळे कंपायलर हूं की चूं करत नाही.

एसक्यूएलसीमध्ये तुम्ही साधी एसक्यूएल फाइल लिहिता. प्रत्येक क्वेरीच्या वर एका ओळीच्या कॉमेंटमध्ये तिचं नाव द्यायचं आणि एक रो हवी, अनेक हव्यात की नुसती चालवायची आहे ते सांगायचं. टूल स्कीमा (टेबलं आणि कॉलम यांची रचना) वाचतं, क्वेरी पार्स करतं, कॉलम खरोखर आहेत का ते तपासतं आणि टाइपसकट गो फंक्शन लिहून देतं. पोस्टग्रेससाठी ते पोस्टग्रेसचाच पार्सर वापरतं, त्यामुळे विंडो फंक्शन, सीटीई, ऑन कॉन्फ्लिक्ट अशा प्रगत एसक्यूएलमधलं काही त्याला परकं नाही. कॉलमच्या नावात चूक असेल तर जनरेट करतानाच ओरडतं. रात्री अकराला प्रॉडक्शनमध्ये कळण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

मग ओआरएममध्ये आणि यात फरक काय?

ओआरएममध्ये (ऑब्जेक्ट आणि टेबलं यांची सांगड घालणाऱ्या लायब्ररीत) तुम्ही ऑब्जेक्टच्या भाषेत बोलता आणि एसक्यूएल ते बनवतं. इथे एसक्यूएल तुमचं असतं, भोवतीचा कोड टूलचा. माझं मत स्पष्ट आहे: थकबाकीचा अहवाल, व्याजाचा हिशोब, आगाऊ भरलेल्या रकमेची वजावट असली कामं जिथे आहेत तिथे एसक्यूएल डोळ्यांसमोर असलेलं चांगलं. उलट चार फॉर्म भरून साठवायचे एवढंच काम असेल तर ओआरएम घ्या आणि मोकळे व्हा.

जूक मधल्या वाटेवर आहे. तो डेटाबेस वाचून प्रत्येक टेबलाचा, कॉलमांसकट, जावा क्लास बनवतो आणि मग तुम्ही जावातच, पण एसक्यूएलच्याच वळणाने क्वेरी लिहिता. कॉलमचं नाव बदललं की कंपाइल फुटतं. फक्त परवान्याकडे आधी बघा: ओपन सोर्स डेटाबेससाठीची आवृत्ती फुकट आहे, ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हरसाठी पैसे मोजावे लागतात. प्रकल्प अर्ध्यावर आल्यावर हे कळलं की मीटिंगा लांबतात.

स्कीमा चालू डेटाबेसमधून वाचायचा की फाइलमधून?

फाइलमधून, म्हणजे मायग्रेशनमधून (स्कीमा टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या एसक्यूएल फाइलींमधून). कोणाच्या तरी लॅपटॉपवरचा डेटाबेस वाचून कोड जनरेट केला तर त्या लॅपटॉपवर सहज म्हणून टाकलेला कॉलमही कोडमध्ये येतो आणि बाकीच्यांकडे क्वेरी पडते.

एसक्यूएलसी मायग्रेशन चालवत नाही, नुसत्या फाइली वाचतं. गूज, गोलँग-मायग्रेट, डीबीमेट या मायग्रेशन टूलांचे फॉरमॅट त्याला कळतात आणि मागे नेणारी, म्हणजे डाउनची, स्टेटमेंट ते सोडून देतं. एक खाच मात्र आहे: फाइली ते अक्षरक्रमाने वाचतं. नावं १, २, ३ अशी दिली असतील तर दहावी फाइल दुसरीच्या आधी वाचली जाते आणि अजून न बनलेल्या टेबलात कॉलम टाकायचा प्रयत्न होतो. पहिल्या दिवसापासून पुढे शून्य लावून आकडे द्या.

जूकला बहुतेक जण प्रत्यक्ष डेटाबेस देतात. तो बिल्डच्या वेळी टेस्टकंटेनर्सने नवा कोरा उभा करायचा, फ्लायवेने मायग्रेशन चालवायची आणि मग कोड काढायचा. फ्लायवेचं स्वतःचं इतिहासाचं टेबल वगळायला विसरू नका, नाहीतर त्याचाही क्लास बनतो.

जनरेट झालेल्या फाइलमध्ये छोटासा बदल हाताने केला तर चालेल?

नाही. फाइलच्या डोक्यावर ‘डू नॉट एडिट’ लिहिलेलं असतं ते उगाच नाही. पुढच्या वेळी कोणी जनरेट केलं की तुमचा बदल जातो, आणि तो गेला हे लगेच कळतही नाही.

ज्यांनी जुन्या डॉटनेटमध्ये कोडस्मिथ किंवा टी-फोर टेम्प्लेटं वापरली आहेत त्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक असेल. पहिल्या दिवशी शंभर फाइली जनरेट व्हायच्या, दुसऱ्या दिवसापासून त्यात हाताने भर पडायची, आणि महिन्याभरात पुन्हा जनरेट करायची कोणाची हिंमत उरायची नाही. मग तो जनरेट केलेला कोड राहत नाही, कोणीच न लिहिलेला आणि सगळ्यांनी सांभाळायचा कोड होतो. सी शार्पमध्ये २००५ साली पार्शल क्लास आले त्यामागे हेही एक मोठं कारण होतं: एकाच क्लासचा जनरेट केलेला भाग एका फाइलमध्ये, तुमचा भाग दुसऱ्या. एंटिटी फ्रेमवर्क कोअरचं स्कॅफोल्डिंग (डेटाबेसवरून क्लास बनवणं) आजही पार्शल क्लासच देतं, तुमची भर वेगळ्या फाइलमध्ये टाका. गोमध्ये पार्शल क्लास नाहीत, पण एकाच पॅकेजमध्ये दुसरी फाइल उघडून त्याच स्ट्रक्टवर मेथड लिहिता येते. काम तेच होतं.

टूल चुकीचं काही काढत असेल तर दुरुस्ती क्वेरीत, स्कीमात किंवा कॉन्फिगमध्ये करा. पॅरामीटरला ‘कॉलम१’ किंवा ‘डॉलर_१’ असलं विचित्र नाव आलं तर त्याचा अर्थ क्वेरीवरून टूलला नाव सुचलं नाही. क्वेरीतच नाव द्या.

ही फाइल गिटमध्ये ठेवायची का?

गोमध्ये हो. कोड खेचला की लगेच बिल्ड व्हावा, त्यासाठी प्रत्येकाकडे टूल असावं लागू नये. जावात ती बहुधा टार्गेट फोल्डरमध्ये बिल्डच्या वेळी बनते, तिथे ठेवू नका.

ठेवणार असाल तर तीन गोष्टी पाळा. टूलची आवृत्ती पक्की करा, नाहीतर दोघांकडे दोन आवृत्त्या असल्या की प्रत्येक कमिटमध्ये शीर्षकाची ओळ पुढे-मागे होत राहते. सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) एसक्यूएलसीची डिफ कमांड लावा: क्वेरी बदलली पण कोड पुन्हा काढला नाही तर बिल्ड पडला पाहिजे. आणि गिटॲट्रिब्यूट्समध्ये त्या फाइली जनरेटेड म्हणून नोंदवा, म्हणजे गिटहबवर रिव्ह्यू करताना त्या मिटलेल्या दिसतात. रिव्ह्यूमध्ये वाचायचं ते एसक्यूएल.

प्रत्येक टेबलासाठी इन्सर्ट, अपडेट, डिलीट, सिलेक्ट असा पूर्ण संच जनरेट करून ठेवावा का?

या प्रश्नावर माझे आणि बऱ्याच टीम लीडचे मतभेद आहेत. पूर्ण संच दिसायला छान दिसतो. पण पावती डिलीट करणारं फंक्शन सोसायटीच्या सॉफ्टवेअरमध्ये असावंच कशाला? पावती रद्द होते, पुसली जात नाही. ऑडिटर रद्द पावतीही बघायला मागतो. फंक्शन तयार असलं की सहा महिन्यांनी आलेला नवा मुलगा ऑटोकंप्लीटमध्ये ते बघतो आणि वापरतो, यात त्याचा काय दोष?

तसंच अपडेटचं. सगळे कॉलम एकदम लिहिणारं सरसकट अपडेट असेल तर सेक्रेटरीने मोबाइल नंबर बदलला आणि त्याच क्षणी खजिनदाराने थकबाकी बदलली, तर ज्याने शेवटी सेव्ह केलं त्याचं खरं. ‘मोबाइल बदला’, ‘पावती रद्द करा’, ‘व्याज आकारा’ अशा कामाच्या नावाने क्वेरी लिहा. संख्या वाढते, वाढू द्या. टंकायचं काम टूलच करणार आहे. लेयर टेबलांच्या आकाराचा झाला की व्यवसायाचे नियम वरच्या थरात विखुरतात आणि मग तेच नियम तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेले सापडतात.

नल (मूल्यच नसणं) आला की कोड फार किचकट होतो. सगळं साधं स्ट्रिंग, इंटिजर करून टाकू का?

आधी स्कीमाकडे बघा. अर्ध्याहून जास्त वेळा कॉलमला ‘नॉट नल’ लावायचं राहिलेलं असतं आणि जनरेटर बिचारा प्रामाणिकपणे नल धरून कोड देतो. तिथे मायग्रेशन लिहा.

खरंच नल असू शकतो तिथे तो लपवू नका. थकबाकी शून्य असणं आणि थकबाकी अजून काढलेलीच नसणं यात फरक आहे. लेफ्ट जॉइन आणि सम या दोन जागी विशेष लक्ष द्या: एकही पावती नसलेल्या सदनिकेसाठी सम शून्य देत नाही, नल देतं. तिथे कोअलेस (नलच्या जागी दुसरं मूल्य देणारं फंक्शन) घाला आणि टाइप कास्ट करून स्पष्ट सांगा.

रकमेसाठी कोणता टाइप?

न्युमेरिक, किंवा पैशांत मोजलेला बिगइंट. फ्लोट नको: शून्य पूर्णांक एक आणि शून्य पूर्णांक दोन यांची बेरीज फ्लोटमध्ये ०.३०००००००००००००००४ येते आणि दोनशे सदनिकांच्या ताळेबंदात ते कुठेतरी डोकं वर काढतं.

कॉलम न्युमेरिक ठेवला तरी जनरेटर पुढे काय करतो ते उघडून बघा. गोच्या प्रमाण डेटाबेस पॅकेजसाठी एसक्यूएलसी न्युमेरिकचं स्ट्रिंग करतं, पीजीएक्ससाठी त्या ड्रायव्हरचा खास न्युमेरिक टाइप देतं. दोन्ही सुरक्षित आहेत, पण हाताळायला अवघड, म्हणून लोक कॉन्फिगमध्ये ओव्हरराइड करून फ्लोट लावतात आणि सगळी मेहनत पाण्यात घालवतात. डेसिमल लायब्ररीचा टाइप लावा.

तारखांबद्दल काही?

टाइमझोनसकट असलेला टाइमस्टॅम्प वापरा आणि ‘दिवस’ कोणत्या घड्याळाने धरायचा ते क्वेरीत लिहा. भारताची वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. सर्व्हर यूटीसीवर असेल तर १ एप्रिलला पहाटे दोनला ऑनलाइन भरलेली रक्कम त्याच्या लेखी ३१ मार्चची, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षाची. जनरेट झालेला कोड यात निर्दोष असतो; तारीख काढणारी तुमची क्वेरी चुकलेली असते.

सभासदांची नावं मराठीत साठवायची आहेत. जनरेटरला काही सांगावं लागतं का?

पोस्टग्रेसवर, डेटाबेस यूटीएफ-८ असेल तर, काही नाही. फक्त लांबीची मर्यादा विचार करून ठेवा. ‘ज्ञानेश्वर’ आपण चार अक्षरं मोजतो. युनिकोडच्या हिशोबाने ती दहा आहेत, कारण हलन्त आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, आणि यूटीएफ-८ मध्ये तीस बाइट. पोस्टग्रेसचा व्हारकॅर(५०) हे नाव दहा मोजतो, गोचं लेन फंक्शन तीस सांगतं. स्कीमातली मर्यादा वाचून व्हॅलिडेशनही जनरेट करत असाल तर तो कोड बाइट मोजतो की युनिकोड अक्षरं, ते तपासा, नाहीतर साध्यासुध्या नावाला ‘नाव फार मोठे आहे’ असं उत्तर मिळतं.

एसक्यूएल सर्व्हरवर गोष्ट वेगळी. तिथे कॉलम व्हारकॅर असेल तर नेहमीच्या कोलेशनमध्ये (मजकूर साठवायच्या आणि तुलनेच्या नियमांत) देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. एनव्हारकॅर हवा, किंवा २०१९ च्या आवृत्तीपासून आलेलं यूटीएफ-८ कोलेशन. एंटिटी फ्रेमवर्क व्हारकॅर कॉलम दिसला की मॉडेलमध्ये ‘युनिकोड नाही’ अशी ओळ टाकतं. ती बघून ‘आपलं तर मराठी आहे’ म्हणत नुसती ओळ उडवू नका. कॉलम तसाच राहतो, पॅरामीटर मात्र एनव्हारकॅर म्हणून जायला लागतो, आणि काही कोलेशनमध्ये इंडेक्समध्ये थेट शोधण्याऐवजी (सीक) तो सगळा वाचला जातो (स्कॅन). आधी कॉलम बदला, मग पुन्हा स्कॅफोल्ड करा.

टेबल आणि कॉलमची नावंच देवनागरीत ठेवली तर?

पोस्टग्रेस हरकत घेत नाही, अवतरणचिन्हांशिवायही चालतात. नावाला ६३ बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीची २१ युनिकोड अक्षरं. अडचण पुढे, गोमध्ये. गोमध्ये पॅकेजबाहेर दिसणारं नाव कॅपिटल अक्षराने सुरू व्हावं लागतं. देवनागरीत कॅपिटल नाही. शिवाय आयडेंटिफायरमध्ये गो मात्रा आणि हलन्त चालवून घेत नाही, त्यामुळे ‘पावती’ हे नाव कंपाइलच होत नाही. जावा आणि सी शार्प मात्रा स्वीकारतात. या पानावरची नावं देवनागरीत आहेत ती वाचण्यापुरती. प्रत्यक्षात रोमन अक्षरं वापरा.

रोमन अक्षरांत मराठी नावं ठेवली तर आणखी एक मजा आहे. एंटिटी फ्रेमवर्क कोअर इंग्रजी नियमाने एकवचन-अनेकवचन करायला जातं. शेवटचा एस अनेकवचनाचा समजून कापला की दिवसाचा (divas) दिवा (diva) होतो. ‘नो प्लुरलाइझ’ हा पर्याय लावा.

शोधाच्या स्क्रीनवर विंग, थकबाकी, मालक की भाडेकरू असे हवे ते फिल्टर आहेत. हे कसं जनरेट करणार?

इथे एसक्यूएलसी तोकडं पडतं, आणि हे मान्य करून पुढे गेलेलं बरं. तीन-चार ऐच्छिक फिल्टर असतील तर ‘पॅरामीटर नल आहे किंवा कॉलम त्याच्याइतका आहे’ अशा अटी लिहून भागतं. फिल्टर दहा झाले, सॉर्टचा कॉलमही वापरणारा निवडणार असला, की ती क्वेरी वाचता येत नाही आणि प्लॅनरही (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग) गोंधळतो. अशी एखाद-दोन फंक्शनं क्वेरी बिल्डरने हाताने लिहा. जूकमध्ये मात्र अटी जोडत जाणं हाच त्याचा हातखंडा आहे. असल्या स्क्रीनच जास्त असतील आणि जावा चालत असेल तर सरळ तो घ्या.

जनरेट केलेला कोड वापरला की एसक्यूएल इंजेक्शनची काळजी मिटली का?

बरीचशी. इंजेक्शन म्हणजे वापरणाऱ्याने दिलेल्या मजकुरातून एसक्यूएल घुसवणं, आणि इथे मूल्यं पॅरामीटर म्हणूनच जातात. पण सॉर्टच्या कॉलमचं नाव पॅरामीटर म्हणून देता येत नाही, म्हणून कोणीतरी तिथे स्ट्रिंग जोडतो आणि भगदाड पडतं. परवानगी असलेल्या नावांची यादी ठेवा.

एक वेगळा धोका: एंटिटी फ्रेमवर्कचं स्कॅफोल्डिंग कनेक्शन स्ट्रिंग पासवर्डसकट कॉन्टेक्स्ट क्लासमध्ये लिहून ठेवतं. सोबत वॉर्निंगही देतं, पण वॉर्निंग वाचतो कोण? ‘नो ऑनकॉन्फिगरिंग’ देऊन चालवा.

ट्रान्झॅक्शन कोण सांभाळतं?

तुम्ही. पावती लिहायची, बिलावरची बाकी कमी करायची आणि जास्तीची रक्कम आगाऊ खात्यात टाकायची, या तीन क्वेरी एकत्र यशस्वी झाल्या पाहिजेत हे जनरेटरला कळायचा मार्ग नाही. एसक्यूएलसी एक मेथड देतं, तिला चालू ट्रान्झॅक्शन दिलं की तीच फंक्शनं त्याच्या आत चालतात. सुरुवात आणि कमिट सर्व्हिसच्या थरात ठेवा.

पावती क्रमांक सलग हवा असेल तर पोस्टग्रेसच्या सीक्वेन्सवर (आपोआप वाढणाऱ्या आकड्यावर) विसंबू नका. ट्रान्झॅक्शन मागे फिरलं तरी सीक्वेन्सचा आकडा मागे येत नाही, आणि ऑडिटर १०४ नंतर १०६ बघून १०५ कुठे म्हणून विचारतो. शेवटचा क्रमांक एका टेबलात ठेवा आणि ती रो ‘फॉर अपडेट’ने लॉक करून वाढवा. वेग थोडा कमी होतो, पण सोसायटीत मिनिटाला हजार पावत्या फाटत नाहीत.

जनरेट केलेला कोड हळू असतो का?

कोड नाही. वापर हळू असू शकतो. सदनिकांची यादी आणायची आणि लूपमध्ये प्रत्येकीची थकबाकी मागायची, म्हणजे दोनशे सदनिकांसाठी दोनशे एक फेऱ्या. फंक्शन बोलवायला इतकं सोपं असतं की हे हातून सहज होतं. जॉइन लिहा, किंवा आयडींची यादी एकदम द्या.

सिलेक्ट स्टारबद्दलही विचारतात. एसक्यूएलसी जनरेट करताना स्टारच्या जागी त्या वेळचे कॉलम लिहून टाकतं, त्यामुळे नंतर कॉलम वाढला तरी चालू प्रोग्रॅम पडत नाही. तरी वीस कॉलमपैकी तीनच लागत असतील तर तीनच मागा.

टेस्ट कशाची लिहायची?

जनरेट केलेल्या फंक्शनची नाही, क्वेरीच्या अर्थाची. कंटेनरमधल्या खऱ्या पोस्टग्रेसवर. इंटरफेस जनरेट करून मॉक (डेटाबेसची खोटी नक्कल) करता येतं, पण मॉकला जॉइन कळत नाही.

कोपायलट किंवा चॅटजीपीटीला सांगून सगळा लेयर लिहून घेतला तर जनरेटर कशाला?

जनरेटर त्याच स्कीमावरून आणि त्याच क्वेरीवरून दरवेळी तोच कोड देतो, म्हणून तो कोड ओळीओळीने वाचायची गरज नसते. एआयने लिहिलेला कोड दरवेळी वेगळा येऊ शकतो, म्हणून वाचावाच लागतो. आणि पन्नास फंक्शनांमधला स्कॅनचा क्रम डोळ्यांनी तपासणं हेच तर टाळायचं होतं.

दोन्ही एकत्र मात्र छान चालतात. अवघड अहवालाची क्वेरी एआयकडून लिहून घ्या आणि एसक्यूएलसीतून काढा. अस्तित्वात नसलेला कॉलम त्याने ठोकून दिला असेल तर लगेच पकडला जातो. जॉइन चुकीच्या कॉलमवर असेल तर नाही पकडला जाणार. दोन बिलं आणि तीन पावत्या असलेली सदनिका टेस्टच्या डेटात ठेवा; रक्कम दुप्पट-तिप्पट दिसली की कळतं.

आमच्याकडे हाताने लिहिलेला जुना लेयर आहे. एकदम बदलायचा का?

नको. चालू डेटाबेसचा फक्त स्कीमा डंप काढा, तो पहिलं मायग्रेशन म्हणून ठेवा आणि नव्या क्वेरी एसक्यूएलसीतून लिहायला लागा. दोन्ही लेयर एकाच कनेक्शन पूलवर शेजारी शेजारी चालू शकतात. जुन्या फंक्शनला कधी हात लावायची वेळ आली की त्यातलं एसक्यूएल उचलून क्वेरीच्या फाइलमध्ये टाका आणि जुनं फंक्शन त्याच कमिटमध्ये काढून टाका. ज्याला दोन वर्षांत कोणी हात लावला नाही ते तसंच राहू दे.